गळ्यातला कॅमेरा की खिशातला?

दिवे घाटाच्या चढावर एका आजींनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरत मला विचारलं होतं, "माउली, एवढं मोठं मशीन? पेपरात देणार का?" माझ्या गळ्यात तेव्हा फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, आणि त्यावर २४-७० मिलिमीटरची झूम लेन्स होती. मी नाही म्हणाले, पण तोवर त्यांनी पदर सारखा केला, मान ताठ केली आणि फोटो आला तो आधार कार्डावर शोभेल असा. पुढच्या वारीला त्याच घाटात खिशात मावणारा, लेन्स कायमची जोडलेला कॉम्पॅक्ट घेऊन गेले. दिंडीबरोबर चालता चालता, बोलता बोलता फोटो काढत होते. कुणी चेहरा बदलला नाही, कुणी थांबलं नाही. ऊन, घाम, हसू, सगळं जसंच्या तसं आलं.

त्याच रात्री सासवडच्या मुक्कामी एका तंबूत कीर्तन चालू होतं. वर एकच पिवळा बल्ब. टाळ वाजवणाऱ्या हातांचे मी चाळीसेक फोटो काढले आणि चाळीसच्या चाळीस वाया गेले. हातांच्या जागी नुसते पिवळट फराटे. मोठा कॅमेरा घरी, पुण्यात, कपाटात होता.

तेव्हापासून दोन्ही कॅमेरे वापरते आहे, आणि "मिररलेस घेऊ की कॉम्पॅक्ट?" असं कुणी विचारलं की मी ब्रँडचं नाव सांगत नाही. उलटा प्रश्न विचारते: तुझ्या फोटोत अंधारात हलणारं काही असतं का? लांबचं काही असतं का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर खिशातला कॅमेरा तुला पुरून उरेल. एकाचं जरी उत्तर 'हो, नेहमी' असेल तर मिररलेसला पर्याय नाही. पण हे उत्तर मनाने देऊ नये, तपासून द्यावं. ते कसं तपासायचं ते आता क्रमाने सांगते.

पहिलं काम: आपलेच जुने फोटो मोजा

फोनची गॅलरी उघडा आणि गेल्या वर्षभरातले तुम्हाला जिवाभावाचे वाटणारे शंभर फोटो निवडा. चांगले आलेलेच नकोत. जे बिघडले म्हणून हळहळ वाटली तेही घ्या, खरं तर तेच जास्त उपयोगाचे. मग एका कागदावर तीन रकाने आखा: अंधार, हालचाल, अंतर.

प्रत्येक फोटोची माहिती उघडली की शटर स्पीड (फोटो घेताना सेकंदाचा कितवा भाग प्रकाश आत आला) आणि आयएसओ (कॅमेऱ्याने तो प्रकाश किती वाढवून घेतला) दिसतो. शटर १/३० किंवा त्याहून मंद असेल, किंवा आयएसओ हजाराच्या वर असेल, तर अंधाराच्या रकान्यात एक रेघ. फोटोतलं माणूस, मूल, कुत्रं हलत होतं तर हालचालीत एक रेघ. बोटांनी ताणून झूम केलं होतं तर अंतरात एक रेघ. तासाभराचं काम आहे, पण दुकानातल्या कोणत्याही विक्रेत्यापेक्षा हा कागद तुम्हाला जास्त सांगेल.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: अंधार आणि हालचाल या दोन्हींत एकाच वेळी रेघ पडलेले फोटो शंभरात वीसच्या वर गेले तर मिररलेस. अंतराच्या रेघा वीसच्या वर गेल्या तरी मिररलेस. बाकीच्यांनी कॉम्पॅक्टचा मनापासून विचार करावा. शाळेतल्या स्नेहसंमेलनाचे, लग्नाच्या वरातीचे, नाटकाचे फोटो काढणाऱ्या लोकांच्या कागदावर पहिल्या प्रकारच्या रेघा भराभर जमतात. प्रवास, घर, खाणं, बाजार आणि किल्ले यांत रमणाऱ्यांच्या फारशा जमत नाहीत.

दुसरं: सेन्सरचा हिशोब समजून घ्या

मेगापिक्सेलवरून निर्णय घेऊ नका. २० मेगापिक्सेलचा फोटो साधारण ५४७२ बाय ३६४८ पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० ठिपके या दराने तो १८ बाय १२ इंचांवर उत्तम छापून येतो. घरातल्या भिंतीवर त्याहून मोठा फोटो लावणारे आपल्यात किती?

फरक पडतो तो सेन्सरच्या, म्हणजे आतल्या प्रकाश झेलणाऱ्या चिपच्या, आकाराने. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी, ज्याला आपण क्रॉप सेन्सर म्हणतो, तो ३६७ च्या आसपास. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये जो 'एक इंची' सेन्सर असतो तो नावाला एक इंची, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. आणि जुन्या स्वस्त डिजिकॅममध्ये असायचा तो जेमतेम २८. हे शेवटचे कॅमेरे सध्या पुन्हा फॅशनमध्ये आले आहेत. त्यांच्या रंगांची हौस असेल तर जरूर घ्या, पण चांगला फोटो हवा म्हणून घेऊ नका. तुमचा फोन त्यांच्या पुढे गेलेला आहे.

म्हणजे फुल फ्रेमचं अंगण एक इंची सेन्सरच्या सातपटींहून मोठं. पाऊस तोच, पण मोठ्या पातेल्यात जास्त पाणी साठतं, तसा प्रकाश जास्त साठतो. फोटोग्राफीच्या भाषेत हा फरक जवळजवळ तीन स्टॉपचा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.

तिसरं: तंबू आणि अजिंठा

आता हा तीन स्टॉपचा फरक प्रत्यक्षात कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही, ते बघू. निवडीचं मर्म इथेच आहे, म्हणून सावकाश वाचा.

समजा त्या सासवडच्या तंबूत फुल फ्रेमवर एफ १.८ ची लेन्स आहे. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं आणि प्रकाश जास्त.) बोलणाऱ्या, मान हलवणाऱ्या माणसासाठी १/६० शटर लागतं आणि त्या उजेडात आयएसओ येतो ३२००. आजच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला हे काहीच नाही. आता एफ २.८ ची लेन्स असलेला कॉम्पॅक्ट घ्या. तेवढंच शटर हवं तर आयएसओ जातो ८००० च्या घरात. वर सेन्सर सातपट लहान, त्यामुळे फोटोतला नॉईज, म्हणजे दाणेदारपणा, साधारण फुल फ्रेमवर पन्नास-साठ हजार आयएसओ लावल्यासारखा दिसतो. टाळ वाजवणाऱ्या हातांना तर १/६० सुद्धा पुरत नाही, १/२५० लागतं. म्हणजे आणखी दोन स्टॉप गेले. माझे चाळीस फोटो का वाया गेले ते या गणितात आहे. कॅमेरा वाईट नव्हता, त्याला ते काम झेपणारंच नव्हतं.

आता अजिंठ्याला चला. पहिल्या लेण्यात पद्मपाणि बोधिसत्त्वासमोर उभे राहा. उजेड जवळपास तंबूइतकाच कमी. फ्लॅशला बंदी आणि ट्रायपॉड परवानगीशिवाय लावता येत नाही. पण पद्मपाणि हलत नाही! त्यामुळे १/६० ची गरजच उरत नाही. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये हाताचा कंप सावरणारं स्टॅबिलायझेशन असतं. कोपर छातीला टेकवा, श्वास अर्धा सोडून थांबा आणि १/८ ला फोटो घ्या. तीन स्टॉप परत मिळाले, आयएसओ ८००० वरून १००० वर आला. भिंतीचा पोत आणि ओठांची रेघ नीट दिसते. पाच फोटो काढले की त्यातला एक तरी खणखणीत येतोच.

म्हणून 'अंधारात कॉम्पॅक्ट चालत नाही' हे वाक्य अर्धंच खरं आहे. अंधारात जे स्थिर आहे, ते कॉम्पॅक्टला जमतं. अंधारात जे हलतं, ते जमत नाही. देवळाचा गाभारा, वाड्याचा सोपा, पणत्या लावलेलं अंगण या सगळ्याला कॉम्पॅक्ट चालतो. त्या अंगणात पळणारी भाची हवी असेल तर मिररलेस.

फोकसचंही जवळपास असंच. आजचे मिररलेस माणसाचा, पक्ष्याचा, कुत्र्याचा डोळा ओळखून त्याच्या मागे मागे जातात, आणि उजेड कमी असला तरी सहसा सोडत नाहीत. काही कॉम्पॅक्ट इथे अडखळतात. पण रस्त्यावरच्या फोटोंसाठी एक जुनी युक्ती फार कामाची आहे. रिको जीआर ३ सारख्या कॅमेऱ्यात 'स्नॅप फोकस' असतो. अंतर २ मीटरवर बांधून टाका, अ‍ॅपर्चर एफ ५.६ ठेवा. साधारण सव्वा मीटरपासून सहा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. कॅमेऱ्याला फोकस शोधायचंच नसतं, त्यामुळे बटण दाबलं की त्याच क्षणी फोटो. तुळशीबागेतल्या गर्दीत हे इतकं सहज जमतं की मोठा कॅमेरा आठवतही नाही.

चौथं: लांबचं आणि धूसर पार्श्वभूमीचं

यात फार चर्चा नको. भिगवणचे रोहित, ताडोबातला वाघ, मैदानावरची मॅच, यांना ४०० मिलिमीटर किंवा जास्तीची लेन्स लागते (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) आणि ती खिशात मावत नाही. सोनी आरएक्स-१०० मार्क ७ सारखा कॉम्पॅक्ट २४ ते २०० पर्यंत जातो. रायगडावरून समोरचा लिंगाणा जवळ आणायला तेवढं पुरतं, पण पक्ष्याला नाही.

पोर्ट्रेटमध्ये मागचं सगळं मऊ, धूसर हवं असेल तरीही मिररलेसच. त्याच कॉम्पॅक्टचा २०० ला असलेला एफ ४.५ फुल फ्रेमवरच्या एफ १२ इतकाच धूसरपणा देतो. फोनमधला पोर्ट्रेट मोड केसांच्या कडा खातो, तसं मात्र कॅमेऱ्यात होत नाही.

पाचवं: साखरेची पिशवी घेऊन आठवडाभर फिरा

हे ऐकून लोक हसतात, पण मी अगदी मनापासून सांगते आहे. सोनी ए७ मार्क ४ या फुल फ्रेम मिररलेसची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ६५८ ग्रॅम. त्यावर २४-७० एफ २.८ ची नवी जी-मास्टर लेन्स ६९५ ग्रॅम. दोन्ही मिळून साडेतेराशे ग्रॅम. त्यात ७०-२०० घातली की आणखी एक किलो. याउलट आरएक्स-१०० मार्क ७ आहे ३०२ ग्रॅमचा आणि जीआर ३ बॅटरी-कार्डासकट २५७.

एक किलोची साखरेची पिशवी आणि त्यावर पाव किलो शेंगदाण्याचं पाकीट एका स्लिंग बॅगेत घाला. आठवडाभर ती बॅग ऑफिसला, भाजीला, लोकलमध्ये, सगळीकडे न्या. बुधवारपर्यंत ती दाराशी राहायला लागली तर कॅमेराही दाराशीच राहणार आहे. सात दिवस खांद्यावर टिकली, तर खुशाल मोठा कॅमेरा घ्या.

विमानाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: देशांतर्गत प्रवासात हातातलं सामान बहुतेक ठिकाणी ७ किलोच चालतं, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकता येत नाहीत. म्हणजे कॅमेऱ्याचं सगळं ओझं त्या सात किलोंतच.

वजनाइतकाच महत्त्वाचा मुद्दा म्हणजे मोठा कॅमेरा दिसला की लोक आणि पहारेकरी दोघंही सावध होतात. एका बागेत मला गेटवरच अडवलं होतं, "मॅडम, प्रोफेशनल कॅमेरा चालत नाही." आत दहा जण फोनवर व्हिडिओ काढत होते. दुसऱ्या दिवशी कॉम्पॅक्ट घेऊन गेले तर कुणी मान वर करून बघितलं नाही.

सहावं: भंडारा, धूळ आणि पाऊस

ही गोष्ट परदेशी परीक्षणांत तुम्हाला सापडणार नाही आणि आपल्याकडे तीच कॅमेऱ्याचा जीव घेते.

सोमवती अमावास्येला जेजुरीत भंडाऱ्याने हवा पिवळी झालेली असते. मी तिथे कॉम्पॅक्ट घेऊन गेले होते. कॉम्पॅक्टची लेन्स चालू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते, आणि आत जाताना नळीवर बसलेली हळद बरोबर घेऊन जाते. दुपारपर्यंत लेन्सच्या दोन नळ्यांच्या मधे एक बारीक पिवळी कडी दिसायला लागली. संध्याकाळी कॅमेरा चालू केला तर 'घर्र' असा आवाज, लेन्स अर्धी बाहेर आली आणि तिथेच अडकली. दुरुस्तीला पाच आठवडे लागले. कॉम्पॅक्टची लेन्स आपल्याला काढता येत नाही, त्यामुळे सेन्सरवर धूळ गेली तर ब्लोअर मारायचीही सोय नाही. अख्खा कॅमेरा उघडावा लागतो.

तेव्हा भंडारा, गुलाल, बुक्का, रंगपंचमी, वाळू यांतच तुमचे निम्मे फोटो असतील, तर धूळ-पाण्यापासून संरक्षण असलेली मिररलेस बॉडी आणि तशीच लेन्स घ्या. तिथे एक नियम पाळा: घरून निघताना जी लेन्स लावली तीच दिवसभर. गर्दीत लेन्स बदलली तर हळद थेट सेन्सरवर. कॉम्पॅक्टच न्यायचा असेल तर पारदर्शक पिशवीत घाला, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावा आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका.

पावसाळ्यात दोघांनाही बुरशीची भीती सारखीच. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत बंद ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारी ड्राय कॅबिनेट उत्तम. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की जेल बदला. मिररलेसवाल्यांकडे लेन्स जास्त, म्हणून डबाही मोठा, एवढाच फरक.

सातवं: खर्च बॉडीवर थांबत नाही

कॉम्पॅक्टची किंमत म्हणजे जवळपास पूर्ण खर्च. वर एक जास्तीची बॅटरी आणि कार्ड घ्या की झालं. बॅटरी मात्र घ्याच. जीआर ३ ची एक बॅटरी कंपनीच्या हिशोबानेच सुमारे २०० फोटो चालते, वारीच्या एका सकाळीत संपते.

मिररलेसमध्ये बॉडी म्हणजे नुसता प्रवेश. चांगली एक लेन्स बॉडीच्या तोलाची असू शकते. मग वेगवान कार्ड, बॅग, फिल्टर, ड्राय कॅबिनेट, विमा. माझं मत ठाम आहे: एकूण बजेटचा निम्म्याहून जास्त भाग लेन्ससाठी ठेवा. महाग बॉडीवर तिच्याबरोबर मिळणारी साधी किट लेन्स लावून फिरणारे पुष्कळ दिसतात. त्यांनी एक पायरी खालची बॉडी आणि एफ १.८ ची एक प्राईम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घेतली असती तर त्या तंबूत त्यांना जास्त चांगले फोटो मिळाले असते.

मग घ्यायचा कुठला?

फिरताना सगळं टिपायचं आहे आणि झूमही हवी: आरएक्स-१०० मार्क ७ किंवा कॅननचा जी-७ एक्स मार्क ३. दुसऱ्याची झूम १०० पर्यंतच, पण लेन्स एफ १.८ ते २.८, म्हणून घरातल्या उजेडात तो बरा.

रस्ता, माणसं, वारी, बाजार: रिकोची जीआर मालिका. त्यात झूम नाही, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, पण एपीएस-सी सेन्सर आणि खिसा या दोन गोष्टी एकत्र फार कमी ठिकाणी मिळतात. जीआर ३ ची २८ मिलिमीटरची दृष्टी रुंद वाटत असेल तर ४० ची 'जीआर थ्री एक्स' बघा. फुजीफिल्मच्या एक्स-१०० सिक्सचं नाव सगळे घेतात. कॅमेरा सुंदर आहे, पण ५२१ ग्रॅमचा. तो जॅकेटच्या खिशात जाईल, आणि आपल्याकडे जॅकेट घालायचे दिवस किती!

पैसे कमवायचे आहेत, लग्नं करायची आहेत: फुल फ्रेम मिररलेस, आणि दोन कार्ड बसणारीच बॉडी. कुणाच्या लग्नाचे फोटो एका कार्डावर ठेवणं हा विश्वासाचा प्रश्न आहे.

दोन्हींच्या मधे अडकला असाल तर एक वाट आहे. सोनी ए७सी मार्क २ सारखी छोटी फुल फ्रेम बॉडी ५१४ ग्रॅम, त्यावर ४० मिलिमीटरची एफ २.५ लेन्स १७३ ग्रॅम. सातशेच्या आत सगळं. खिशात नाही, पण रोजच्या पर्समध्ये मावतं, आणि तंबूतही चालतं. नव्याने सुरुवात करणाऱ्या आणि एकच कॅमेरा परवडणाऱ्या माणसाला मी आज हेच सुचवते, किंवा याच धर्तीचा एपीएस-सी.

आठवं: आधी भाड्याने, मग बिलासकट

पुणे-मुंबईत कॅमेरे दिवसावर भाड्याने मिळतात. शनिवार-रविवार घ्या, पण फिरायला जाऊन 'छान' फोटो काढू नका. तुमच्या कागदावरच्या वाया गेलेल्या फोटोंच्या जागी परत जा: तीच खोली, तेच मूल, तीच संध्याकाळची वेळ. तिथे फरक दिसला तरच पैसे घाला.

खरेदी करताना सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल मागा. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि 'बिल नको तर एवढ्यात देतो' असं कुणी म्हणालं तर तो माल ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला, असण्याची दाट शक्यता आहे. तशा कॅमेऱ्याला भारतात वॉरंटी मिळत नाही.

जुना घेत असाल तर तीन गोष्टी दुकानातच करा. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. बारीक अ‍ॅपर्चर लावून, मिररलेसवर एफ १६ आणि छोट्या कॉम्पॅक्टवर एफ ११, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा; राखाडी ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. मिररलेसमध्ये ती साफ होते, कॉम्पॅक्टमध्ये ती तुमच्या गळ्यात पडते. आणि कॉम्पॅक्ट असेल तर कानाशी धरून दहा वेळा चालू-बंद करा, झूम पुढे-मागे करा. नीट असेल तर आवाज एकसारखा, बारीक येतो. मधेच कुठे खरखर झाली तर तो कॅमेरा कुठल्या तरी जत्रेत जाऊन आलेला आहे. किंमत कितीही कमी केली तरी घेऊ नका.